तंद्री आणि ताण: मैदानावर, ऑफिसात आणि घरी काय करायचं

सरावात दहापैकी नऊ वेळा नीट पडणारी बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस १९-१९ ला नेमकी जाळ्यात जाते. रोजच्या हातातली एक्सेल शीट साहेब मागे येऊन उभे राहिले की चुकते. उलट एखाद्या सकाळी ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठाने धावताना फेऱ्या कधी संपल्या ते कळतही नाही. कौशल्य तिन्ही वेळा तेवढंच असतं. ताण किती आहे आणि लक्ष कशावर आहे, एवढंच बदललेलं असतं, आणि या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्याला लावून घेता येतात.

मिहाय चिकसेंटमिहाई (१९३४–२०२१) या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांना खोदून खोदून विचारलं आणि भान हरपून कामात रमण्याच्या या अवस्थेला ‘फ्लो’ असं नाव दिलं. इथे तिलाच तंद्री म्हटलंय. या सगळ्यांच्या सांगण्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: काय करायचंय ते स्पष्ट असतं, जमतंय की नाही ते लगेच कळतं आणि काम आपल्या आवाक्याच्या जेमतेम वर असतं. तंद्री हुकमी लागत नाही, पण हे तिन्ही जुळवून ठेवता येतं. त्याआधी मात्र ताण जागेवर आणावा लागतो. छातीत धडधडत असताना कितीही चांगली यादी केली तरी कामात मन लागत नाही. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

आधी ताण किती आहे ते बघा

ताण शून्यावर आणायचा नसतो. येर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की सोपं काम बऱ्यापैकी ताणातही जमतं, अवघड आणि बारकाव्याचं काम मात्र कमी ताणात चांगलं होतं. हे रोजच्या वापरासाठी असं लावा: १ म्हणजे झोप येतेय आणि १० म्हणजे हातपाय थरथरतायत. कबड्डीच्या चढाईला किंवा येऊरच्या डोंगराच्या चढावर जोरात पळायला ७ चालतो. शॉर्ट सर्व्हिस, कॅरम, हिशेब जुळवणं, कोड लिहिणं याला ४ ते ५ पुरे. प्रेझेंटेशनला ६ असला तरी बिघडत नाही, उलट आवाजात जान येते.

आकडा अंदाजाने ठरवू नका, अंगावरून वाचा. खांदे कानांकडे चढलेत का? दात दाबले गेलेत का? श्वासाबरोबर पोट हलतंय की नुसती छाती? मग मनगटावर १५ सेकंद नाडी मोजून चौपट करा. शांत बसलेले असतानाचा तुमचा नेहमीचा आकडा माहीत असायला हवा. तो आठवडाभर सकाळी मोजून ठेवा. जिना चढलेला नसताना, चहा घेतलेला नसताना नाडी त्याहून १५-२० ने जास्त असेल, तर ताण त्या कामाच्या मानाने वर गेलाय असं समजा.

तो खाली आणायला सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे लांब उच्छ्वास. नाकाने ४ सेकंद श्वास आत, मग ६ सेकंद बाहेर. मिनिटाला ६ श्वास होतात. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाची गती आपोआप थोडी उतरते, म्हणून सोडण्याचा वेळ जास्त ठेवायचा. सलग ५ मिनिटं करा. पहिल्या मिनिटात काही वाटत नाही, फरक साधारण तिसऱ्यापासून जाणवू लागतो.

यात एक चूक सर्रास होते. ‘दीर्घ श्वास घ्या’ असं ऐकलेलं असतं म्हणून माणूस छाती फुगवून भरपूर हवा ओढतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा घ्यायचा नाही, सावकाश घ्यायचा. मुंग्या आल्याच तर मोजणं सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या, आणि पुढच्या वेळी हवा निम्मीच आत घ्या. मध्ये श्वास रोखून धरायचे प्रकार गरोदरपणात किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर टाळलेले बरे.

पाच मिनिटं नसतील, म्हणजे पुढच्या पॉइंटला उभं राहायचंय किंवा मीटिंगचं दार उघडतंय, तर नाकाने एक श्वास, त्यावरच आणखी एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने लांब सोडणं. असं तीनदा.

आकडा फारच खाली असेल, जसं जेवणानंतर तीनच्या सुमारास, तर श्वासाच्या मागे लागू नका. दोन मजले जिना चढा, २० उड्या मारा, उजेडात जा. एवढं बास.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छातीत दुखून ते हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, घाम फुटून दम लागत असेल, तर ‘ताण असेल’ म्हणून श्वास मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर या लेखातल्या युक्त्या त्यासाठी नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं.

काम आवाक्याच्या जरा वर ठेवा

सरावासाठी सोपा अंदाज: दहापैकी सात-आठ वेळा जमेल एवढं अवघड. नऊ-दहा वेळा जमलं की मन भटकतं, पाचच्या खाली गेलं की चिडचिड सुरू होते.

शॉर्ट सर्व्हिसचंच घ्या. जाळ्याची उंची मध्यभागी १.५२४ मीटर असते आणि सर्व्हिसची पुढची रेषा जाळ्यापासून १.९८ मीटरवर. जाळ्याच्या वर साधारण एक फुटावर आडवी सुतळी बांधा. शटल सुतळी आणि जाळं यांच्या मधून जायला हवं. पलीकडे रेषेच्या आत लागून एक मोठा नॅपकिन अंथरा. दहा सर्व्हिस मारा आणि फक्त दोन गोष्टी बघा: फटीतून गेलं का, नॅपकिनवर पडलं का. आठच्या वर पडायला लागली की नॅपकिनची घडी घाला, मग आणखी एक घडी. पाचच्या खाली आली तर घडी उलगडा, सुतळी चार बोटं वर घ्या. प्रशिक्षक ‘छान’ म्हणेपर्यंत थांबावं लागत नाही, प्रत्येक फटक्याचा निकाल त्याच क्षणी डोळ्यांसमोर असतो. तंद्री लागायला हा तात्काळ निकाल जेवढा मदत करतो तेवढं कौतुक करत नाही.

धावण्यात गडबड होते ती घड्याळामुळे. ठाण्या-नवी मुंबईच्या एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, आणि तोच वेग ठेवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. जानेवारीतला वेग मे महिन्यात धरून ठेवणारा माणूस दुसऱ्याच किलोमीटरला अवघडतेची रेषा ओलांडतो आणि मग उरलेला वेळ नुसता स्वतःशी भांडतो. म्हणून बोलण्यावरून वेग ठरवा. पूर्ण वाक्य आरामात बोलता येतंय म्हणजे सोपी धाव. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर तो तंद्रीला पोषक वेग, पण आधी १०-१५ मिनिटं सोपं धावून झाल्यावरच. एकच शब्द निघतोय तर कमी करा. लक्ष्य लांबचं नको: नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर किंवा कचराळी तलावाभोवती ‘पुढचा दिव्याचा खांब’ एवढंच पुरतं. पाम बीच रोडच्या कडेने किंवा घोडबंदर रोडवर कान बंद करून तंद्री लावण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. ती जागा सावध राहण्याची आहे.

मोक्याच्या क्षणी हात का अडखळतो

हातात बसलेली कृती मेंदू फार विचार न करता करतो. १९-१९ ला आपण अचानक मनगट कुठे वळतंय, कोपर किती वर आहे हे तपासायला लागतो, आणि सलग चालणारी कृती तुकड्यातुकड्यात करायला जाऊन ती बिघडते. यावर उपाय असा की लक्ष अंगावरून काढून बाहेर न्यायचं: नॅपकिन जिथे होता ती जागा, कॅरममध्ये सोंगटीची कड, प्रेझेंटेशनमध्ये समोर बसलेल्या एका माणसाचा चेहरा.

त्यासाठी दोन पॉइंटच्या मधला क्रम पक्का करा. पाठ फिरवा. रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करा, नजर तारांवरच. एक लांब उच्छ्वास. मग शटल कुठे टाकायचं ती जागा बघा, मनात एकच शब्द म्हणा, जसं ‘फट’, आणि सर्व्हिस करा. क्रम दर वेळी सारखा आणि सारख्याच लांबीचा हवा. घाई झाली की ताण डोक्यात शिरतो, रेंगाळलात की विचार शिरतात. आणि हा क्रम सरावातही, ३-२ असतानाही, करायचा. फक्त सामन्यात काढलेली युक्ती सामन्यात चालत नाही.

धडधड होत असेल तर ‘मी शांत आहे’ असं स्वतःला पटवत बसू नका, शरीराला ते पटत नाही. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांनी भाषण, गाणं आणि गणित यांत, शांत व्हायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. धडधड तीच राहते, तिचा अर्थ तेवढा बदलतो.

ऑफिसात

महापे, ऐरोली, बेलापूर कुठेही बसा, पहिल्या मीटिंगच्या आधीची ६० ते ७५ मिनिटं एका कामासाठी राखा. ‘जीएसटीचं बघायचंय’ हे काम नव्हे. ‘एप्रिल ते जूनची खरेदी बिलं पोर्टलशी जुळवायची, फरकाच्या ओळी पिवळ्या करायच्या’ हे काम. संपलं हे कशावरून कळेल, ते वाक्यातच असायला हवं, आणि दर दहा ओळींनी पुढे सरकलेलं दिसायला हवं.

मोबाईल टेबलावर उलटा ठेवून भागत नाही. बॅगेत टाका, बॅग खाली. शेजारी कोरा कागद ठेवा, ‘लाइट बिल’, ‘साहेबांना विचारणे’ असं जे डोक्यात येईल ते त्यावर उतरवा आणि परत कामाला लागा. पहिली १०-१५ मिनिटं नकोशी जातात. हे इथे ठळकपणे सांगणं भाग आहे, कारण नेमक्या याच वेळी माणूस ‘आज मूड नाही’ म्हणून चहाला उठतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तीच नकोशी १५ मिनिटं. कुणी बोलवायला आलं तर ‘दोन मिनिटं’ म्हणा आणि उठण्याआधी पुढची पायरी अर्ध्या ओळीत लिहा: ‘मे, पान ३, तिसरं बिल’. परत आल्यावर कुठे होतो ते शोधण्यात वेळ जात नाही, आणि मीटिंगमध्ये मनही मागच्या कामात कमी अडकतं.

चार वाजल्यानंतरचा चहा सोडून बघा. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्रीची कच्ची झोप दुसऱ्या दिवशीचा आकडा सकाळीच दोनने वाढवते.

ट्रेनमध्ये आणि घरी

वाशीहून ठाण्याला येणारी ट्रान्स-हार्बरची अर्ध्या-पाऊण तासाची गाडी ही ऑफिस आणि घर यांच्यामधली जागा म्हणून वापरा. घणसोली येईपर्यंत उद्याच्या तीन कामांची नोंद. त्यानंतर मोबाईल खिशात आणि ४-६ चा श्वास, डोळे उघडे ठेवून, दांडी धरून. दाराशी उभं राहून हे करू नका. रील्समध्येही वेळ कसा गेला ते कळत नाही, पण त्यात लक्ष्य नसतं, कौशल्य लागत नसतं, आणि उतरताना डोकं हलकं झालेलं नसतं.

घरच्या चिंतेला ठरलेली वेळ द्या: संध्याकाळी १५ मिनिटं, टेबलाशी, पलंगावर कधीच नाही. कागदावर एकेक विषय आणि त्यापुढे एक तर उद्या करायची गोष्ट, नाही तर ‘हातात नाही’. रात्री तोच विषय आला की उद्याच्या वेळेवर ढकलायचा. पहिला आठवडा तो ऐकत नाही, नंतर ऐकायला लागतो.

स्वयंपाकात तंद्री सहज लागते, फक्त मध्ये फोन नको. पोळीचा निकाल तर तव्यावर लगेच मिळतो. फुगली नाही तर कड जाड राहिली, तवा पुरेसा तापला नव्हता किंवा कणीक घट्ट झाली. पुढच्या पोळीला यातली एकच गोष्ट बदला, नाही तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आठवडा गेला आणि काहीच जमलं नाही, तर याच क्रमाने तपासा: झोप, ताणाचा आकडा, अवघडता, निकाल किती लवकर कळतो, फोन कुठे होता. पाचही ठीक असून मन लागत नसेल तर दोन दिवस ते काम बाजूला ठेवा. सलग जोराच्या सरावानंतर शरीर दमलेलं असतं आणि सकाळची नाडी नेहमीपेक्षा वर दिसते. आणि तंद्री चांगली लागायला लागली की गजर लावायला विसरू नका. भान हरपलेल्या माणसाला तहानही लागलेली कळत नाही. येऊरला उन्हात चढताना २० मिनिटांनी, टेबलाशी ७५ मिनिटांनी गजर लावा, आणि तो वाजला की पाणी प्यायलाच हवं.