कथेत हवामानबदल आणायचाय? कूलरपासून सुरू करा

हवामानबदलावर कथा लिहायला बसलं की पहिला परिच्छेद बहुधा तापलेल्या आकाशावर खर्ची पडतो. तो खोडा आणि घरातली एक वस्तू निवडा. नागपूरच्या कथेला कूलर पुरतो.

आधी तो चालतो कसा ते समजून घ्या. पंखा बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. म्हणजे हवा कोरडी हवी, पाणी हवं, वीज हवी आणि आत आलेली हवा बाहेर जायला दुसरी खिडकी हवी. यातली एकेक अट म्हणजे एकेक प्रसंग. टिनपत्र्याच्या खोलीला दुसरी खिडकीच नसेल तर? नळ आला नाही, घरात दोनच बादल्या उरल्या, तर त्या टाकीत ओतायच्या की आंघोळीला ठेवायच्या, हे कोण ठरवतं? कथा तिथे आहे. जूनमध्ये हवा दमट झाली की वाफ होणं मंदावतं, कूलर नुसती ओल फेकतो. "बंद कर न तो कूलर, चिपचिप होऊन राहिलं," एवढं सासू म्हणाली की ढग आलेत पण पाऊस नाही, हे वेगळं लिहावं लागत नाही.

लिहिण्याआधी नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, एका दिवसाचा हिशेब मांडा: नळ किती वाजता आला, पाण्याचे किती गुंड (हंडे) भरले, लाइन कधी गेली, कोण उन्हात किती वाजता निघालं. वीसेक नोंदी होतील. १५०० शब्दांत तीनच घ्या.

आकड्यांच्या मोहात पडू नका. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. कथेत हे ५६ पानठेल्यावरच्या गप्पांत शोभतात. निवेदकाच्या तोंडी गेले की वाचकाचा विश्वास उडतो.

भाषेचंही तेच. नागपूरजवळच्या काटोलचा संत्रेवाला 'जागतिक तापमानवाढ' म्हणणार नाही. मे महिन्यात पाऊस पडला, झाडाला ताण बसला नाही, मृगबहार नीट फुटला नाही, असं म्हणेल. (ताण म्हणजे पाणी तोडून झाडाला दिलेली विश्रांती; मृगबहार म्हणजे त्यानंतर पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारी फुलं.)

सर्वात जास्त कथा पुरात बुडतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. हा प्रसंग शेवटी ठेवला तर पात्रांना करायला काही उरत नाही. कथा तिसऱ्या दिवशी सुरू करा. गादी उन्हात आहे, फ्रिजमध्ये गाळ आहे, भिंतीवर पाण्याची रेघ आहे. घर विकायला काढलंय, तर गिऱ्हाईक येण्याआधी ती रेघ रंगवायची का? आणि सगळा दोष पावसावर ढकलणारं पात्र असेल, तर नाल्याला खेटून भिंत कोणी बांधली हे विचारणारं दुसरंही असू द्या.

शेवटच्या परिच्छेदात कुणी झाड लावत असेल, तर तो परिच्छेद कापा.