ठाण्यात माणूस नेला? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या कोर्टात सोमवार उजाडला की तेच ऐकतो : "वकील साहेब, त्याले नुसतं चौकशीले नेलं होतं ना जी!"

पहिली चूक हीच. अटक कागदावर चढली की कोर्टापुढं आणायचे २४ तास सुरू, असं लोक धरून चालतात. माणसाला उठून घरी जाता येत नाही, तिथंच अटक सुरू होते. मुंबई हायकोर्टानं हे १९९० सालीच सांगितलंय. तिथून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं : राज्यघटनेचं कलम २२, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम ५८. वजा होतो तो फक्त प्रवासाचा वेळ. भामरागडसारख्या दूरच्या जंगलभागातून आणायचं असेल तर ठीक. ठाणं आणि कोर्ट समोरासमोर असताना कसला प्रवास?

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात एका पोराला शनिवारी दिवेलागणीला उचललं. गावचा पुढारी म्हणाला, "ठाणेदार आपल्या ओळखीचे, सकाळी सोडतात." सकाळी उत्तर मिळालं, "आज रविवार, कोर्ट बंद." रविवारीही रिमांडसाठी, म्हणजे कोठडी द्यायची की नाही हे ठरवायला, मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात, हे विचारलंच नाही कोणी. सोमवारी दुपारी आणलं; कागदावर अटकेची वेळ रविवार संध्याकाळ. बहिणीनं शनिवारीच मामाला टाकलेला "दादाले पोलीस घेऊन गेले" हा मेसेज वेळेसकट मोबाइलात होता. पण कोर्टानं विचारलं, "पोलिसांविरुद्ध तक्रार आहे?" पोरानं मान हलवली, नाही. पुढाऱ्यानं पढवलं होतं. मिळाली पोलीस कोठडी.

म्हणून मी पक्षकारांना सांगतो, माणूस नेला की आधी ठाणेदार आणि एसपी ऑफिसला दोन ओळी पाठवा : कोणाला, किती वाजता, कुठून नेलं. पुढाऱ्याला फोन नंतर करा. रात्रभर टपरीवर चहा पीत "सेटिंग" जमवणाऱ्यांच्या हातून तो वेळही जातो आणि पैसेही.

अटकेच्या कागदावर वेळ वाचल्याशिवाय सही नको. कोऱ्या कागदावर तर नाहीच.

बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण हवं, महिला अधिकारी हवी, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी.

२४ तास म्हणजे सुटका, हाही गैरसमज. कोर्ट पुढे कोठडी देऊ शकतं. तिथं विरोध करायला वकील लागतो. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर १५१०० लावा. आणि हे रिमांडच्या आधी करा. कोठडी मिळाल्यावर धावत येणारेच जास्त भेटतात मला.