पदवीला मार्क कमी पडले, तरी मास्टर्सला प्रवेश कसा मिळवायचा

"वर्षभर गॅप घे, नंतर मार्क कोण विचारतंय?" असं सांगणारे सोलापुरात नव्या पेठेपासून केगावपर्यंत भेटतात. त्यांचं ऐकू नका. प्रत्येक सेमिस्टरचा आकडा ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या एकत्रित गुणपत्रकावर, छापलेला असतो.

आधी पात्रता बघा. अट 55 टक्क्यांची आणि तुमचे 52 असतील तर तो अर्ज सोडा, फी वाया जाते. जर्मनीला जायचं असेल तर टक्क्यांची तिथली ग्रेड काढा: 100 मधून आपले टक्के वजा करा, 60 ने भागा (पासिंग 40 ला असेल तर), 3 ने गुणा, 1 मिळवा. 60 टक्क्यांचे 3.0 होतात. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, म्हणजे 2.5 ची अट असलेला कोर्स हातचा गेला.

इथेच एमटेक करायचं तर गेट ही प्रवेश परीक्षा द्या. स्कोअर 3 वर्षं चालतो. पेपर फेब्रुवारीत असतो, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकून पुस्तक उघडलं तर उशीर झालेला असतो.

जो विषय राहिला होता, त्याच विषयाचा एनपीटेलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) 12 आठवड्यांचा कोर्स करा. त्यात 75 टक्के गुण केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे असतात, म्हणून त्याला किंमत आहे.

खरी गाडी अडते ती स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे हा कोर्स का करायचाय हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या पत्रात. चौथ्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले होते. पहिल्या खेपेला मी त्यावर पाऊण पान लिहिलं: वडील आजारी, घरचे यंत्रमाग माझ्या अंगावर, रात्रपाळी करून पेपरला बसलो. सगळं खरं होतं. पाचही ठिकाणांहून नकार आला. आमच्या सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "अरे, हे वाचून वाईट वाटतं. पण तुला घ्यावं असं कुठे वाटतं?"

पुढच्या वर्षी तोच मजकूर तीन वाक्यांत बसवला. "चौथ्या सेमिस्टरला घरच्या यंत्रमागांची जबाबदारी आली आणि दोन विषय राहिले. पाचव्यात दोन्ही सुटले. शेवटच्या दोन सेमिस्टरला एसजीपीए 8 च्या वर आहे." (एसजीपीए म्हणजे एका सेमिस्टरची 10 पैकी सरासरी.) बस्स. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुमचे मार्क नंतरही वाढले नसतील, तर तिथे गेटचा स्कोअर किंवा एनपीटेलचे गुण लिहा. लिहायला काहीच नसेल तर अर्ज करायची घाई करू नका, आधी ते मिळवा.

ही वाक्यं पत्राच्या शेवटाकडे घाला. सुरुवात तुमच्या प्रोजेक्टनं व्हायला हवी. पेपर अवघड काढला, तपासणी कडक झाली, यातलं अक्षरही लिहू नका, खरं असलं तरी. आणि आजारपण किंवा मृत्यू कधीही रचून सांगू नका. शिफारसपत्रात सर वेगळंच लिहितात आणि अर्ज तिथेच बाद होतो.

शिफारशीसाठी विभागप्रमुखांच्या सहीमागे धावू नका. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुम्हाला लॅबमध्ये चुका दुरुस्त करताना पाहिलंय, त्यांच्याकडे मार्कशीट आणि ती तीन वाक्यं घेऊन जा. निदान महिनाभर आधी.