हॉस्टेलच्या खोलीत जमीन मोकळी ठेवा

पुण्यात इंजिनीअरिंगला नंबर लागला की घरी खरेदीची धांदल उडते. बादली, मग, गादी, हँगर, प्लास्टिकचं रॅक, टेबल लॅम्प. माझं ऐकाल तर यातलं जवळजवळ काहीही गावाहून वाहून आणू नका. कुठला मजला, कॉट खिडकीखाली की दारामागे, हे रेक्टरनी किल्ली हातात दिल्यावरच कळतं. पहिल्या दिवशी अंथरूण-पांघरूण, चार कपडे, चांगलं कुलूप आणि कागदपत्रं एवढं पुरतं. बाकी सगळं तुळशीबागेत आणि बोहरी आळीत मिळतं. जाताना कॉटखालच्या उंचीचं आणि टेबलाशेजारच्या फटीचं माप मात्र लिहून न्या. दुकानात उभं राहून अंदाज बांधला की रॅक दोन इंचांनी हटकून मोठं निघतं.

आमची खोली साधारण दहा बाय बाराची. त्यात तीन लोखंडी कॉट, तीन टेबलं, तीन खुर्च्या आणि तीन उभी कपाटं. हे सगळं बसवल्यावर दारापासून खिडकीपर्यंत एक पट्टा तेवढा उरायचा. तो पट्टा तिघांचा. त्याच्यावर कुणीही काही ठेवायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात ठरलं तर निम्मी भांडणं होतच नाहीत. आमच्यातला लातूरचा पार्टनर या बाबतीत कडक होता. जमिनीवर बॅग दिसली की म्हणायचा, "ही कुणाची हाय? उचला, नाहीतर बाहेर ठिवतो." आणि खरंच ठेवायचा.

जमीन मोकळी ठेवायची तर सामान जाणार कुठे? कॉटखाली. खोलीतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात वाया जाणारी जागा तीच. कॉटच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा आडव्या घातल्या की कॉट सहा इंच वर येते आणि एरवी न मावणारी पत्र्याची ट्रंक सरळ आत सरकते. विटा चारही बाजूंना सारख्या हव्यात, नाहीतर रात्री कूस बदलली की कॉट डुगडुगते. ट्रंक शक्यतो पत्र्याचीच घ्या. पुठ्ठ्याची खोकी पावसाळ्यात ओल धरतात आणि झुरळांची सोय होते. रोज लागणारं काही कॉटखाली ठेवू नका. तिथे हिवाळ्याचं पांघरूण, मागच्या सेमिस्टरची जर्नल्स, रिकामी बॅग. ड्रॉइंग बोर्ड कॉट आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभा राहतो.

ती फट दुसऱ्या कारणासाठीही हवी. कॉट भिंतीला चिकटली की ढेकणांना वाट मिळते. हॉस्टेलमध्ये ढेकूण हा लाजायचा विषय नाही, एका खोलीत झाले की शेजारच्या खोल्यांत जातातच. कॉट मिळाल्या मिळाल्या तिच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओता, उन्हात ठेवता आली तर ठेवा. गादी कधीही जुनी घेऊ नका, सीनियर कितीही स्वस्तात देत असला तरी. शिवणीत काळे ठिपके दिसले तर ती आत आणूच नका. ड्राफ्टर (बोर्डाला लावून रेषा आखायचं साधन), बोर्ड, पुस्तकं मात्र सीनियरकडून बिनधास्त घ्या. तिथे जमलं नाही तर पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आहेच.

ऑगस्टमध्ये खरी परीक्षा ओलीची. जीन्स वाळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून जीन्स कमी आणि पटकन वाळणारे कपडे जास्त आणा. दोरी कॉटवरून बांधाल तर रात्री थेंब तोंडावर पडतील. पंख्याच्या वाऱ्यात येईल अशी, खिडकीलगत बांधा. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर वीतभर पुढे ओढा. तळाशी वर्तमानपत्राची घडी घाला आणि आठवड्याला बदला. डांबरगोळ्यांनी किडे दूर राहतात, ओल जात नाही, त्यामुळे त्यांच्या भरवशावर चामड्याचा पट्टा कपाटात कोंबलात तर त्याला बुरशी येणारच.

विजेचं थोडं गणित करा. टेबलाजवळचा साधा सॉकेट 6 अँपिअरचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1400 वॅट. तीन लॅपटॉप आणि तीन मोबाईल त्यावर आरामात चालतात. पण चहाची बहुतेक इलेक्ट्रिक किटली एकटीच 1500 वॅटच्या आसपास खेचते आणि पाणी तापवायचा रॉडही कमी नसतो. बहुतेक हॉस्टेलांत दोन्हींना बंदी असते, आणि ती रेक्टरचा खडूसपणा म्हणून नसते. एक्स्टेंशन बोर्ड स्विच आणि फ्यूजवाला घ्या, वायर टेबलाच्या मागून न्या. त्या मोकळ्या पट्ट्यातून वायर गेली की कुणीतरी अडखळून लॅपटॉप खाली पाडणार.

घरून येणारा चिवडा आणि लाडू फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा. तरीही मुंग्या आल्या तर बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर मुंग्या गेल्या आणि डास आले असं होतं.

मूळ कागदपत्रं, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, ही शक्य असेल तर घरीच राहू द्या. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला स्कॅन केलेल्या प्रती चालतात. खोलीत ठेवायचीच वेळ आली तर चेनच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये, ट्रंकेत सगळ्यात वर, कुलूप लावून.

आणि सामान लावायला घेण्याआधी रिकाम्या खोलीचे फोटो काढा. कपाटाचा तुटलेला कडी-कोयंडा, भिंतीचे पोपडे, फुटलेली काच, सगळ्याचे. रेक्टरच्या रजिस्टरमध्ये तशी नोंद करून सही घ्या. वर्षाअखेरीला डिपॉझिट परत घेताना आधीच तुटलेल्या वस्तूंचे पैसे आमच्याकडून कापले गेले होते आणि दाखवायला हातात काही नव्हतं. फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवून ठेवा, मोबाईल बदलला तरी सापडतात.