आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या डिझाइनच्या) रेल्वे स्लीपर डब्याचं मॉडेल करायचंय? आधी खरा डबा नीट बघा

नेटवरचे फोटो बघून डबा केला की हमखास फसतो, माझा पहिला तसाच फसला, दोन्ही बाजूंना खालची सामग्री सेम टू सेम चिकटवली होती राव. खऱ्या डब्यात बॅटरी बॉक्स, पट्ट्यावर चालणारा अल्टरनेटर (वीज बनवणारं यंत्र), ब्रेक सिलिंडर, सगळं कुठे कुठे लटकलेलं असतं आणि डावी-उजवी बाजू वेगळी दिसते. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो काढाच. मोठ्या स्टेशनात उंच प्लॅटफॉर्ममुळे बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, झाकली जाते, त्यापेक्षा बुटक्या प्लॅटफॉर्मचं छोटं स्टेशन गाठा, चाकापर्यंत सगळं दिसतं. रुळावर मात्र उतरायचं नाही हं. छताचे फोटो पादचारी पुलावरून. बाजूचा फोटो काढताना लांब उभं राहून झूम करा, अगदी काटकोनात, नाहीतर खिडक्या तिरक्या येतात.

आता मापं. बॉडीची लांबी २१३३७ मिमी, रुंदी ३२४५ मिमी, १:८७ म्हणजे एचओ स्केलसाठी ८७ ने भागलं की साधारण २४५ आणि ३७ मिमी. फोटोत लांबी माहीत असली की बाकी सगळं त्यावरून काढता येतं. भानगड एकच, आपल्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिमी म्हणजे मॉडेलमध्ये १९ मिमीच्या वर हवं, पण बाजारातला एचओ ट्रॅक १६.५ चा, त्यामुळे डबा थोडा बारीक पायांवर उभा वाटतो, मी ते चालवून घेतो.

खिडक्यांच्या आडव्या दांड्या मोजा, इमर्जन्सी खिडकीला त्या नसतात. टॉयलेटची काच दुधी. आणि टोकाच्या भिंतीवर रंगवलेली रिटर्न डेट (डबा दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये परत पाठवायची तारीख) विसरू नका, बारीक ब्रशने ती लिहिली की डबा एकदम खरा वाटायला लागतो.