जुन्या गाडीचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स गळतोय? सील किट आणायच्या आधी हे करा

आमच्या जुन्या डिझेल जीपखाली रोज सकाळी ड्रायव्हरच्या बाजूला तळहाताएवढा लाल डाग पडायचा. मी काय केलं, सरळ नाशकातल्या द्वारकेला जाऊन स्टिअरिंग बॉक्सची सील किट आणली, अख्खा रविवार घालवून बॉक्स उघडला, सगळी सीलं बदलली, आणि सोमवारी सकाळी डाग आपला तिथंच. शेवटी गल्लीतल्या मिस्त्रीने नुसता हात फिरवून दाखवलं की वरच्या तेलाच्या डबीकडे जाणाऱ्या रिटर्न पाईपची क्लिप सैल झालीय, तेल पाईपवरून ओघळत बॉक्सवर येतं आणि बॉक्सच्या बुडातून टपकतं. "तेल खाली पडतं म्हणून खालीच शोधतो का भो," इति मिस्त्री. क्लिप बदलायला पाच मिनिटं लागली. तर हे सगळं तुमचा रविवार वाचावा म्हणून लिहितोय.

आधी एवढं बघून घ्या की तुमच्या गाडीला बॉक्सच आहे का. बोनेट उघडून स्टिअरिंगचा रॉड कुठं जातो ते बघा, चेसिसला बोल्ट केलेला जाड बिडाचा डबा असेल आणि त्याच्या बुडातून निघालेल्या दांड्यावर ड्रॉप आर्म, म्हणजे चाकं वळवणारा लोखंडी हात, बसवलेला असेल तर तो बॉक्स. दोन चाकांच्या मधे आडवी लांब नळी आणि टोकांना रबरी बूट असतील तर ती रॅक, तिचं काम वेगळं, इथं तिच्याबद्दल काही नाही.

मग तेल कुठलं ते ठरवा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठं आहे त्याची खूण करा. सकाळी डाग लाल किंवा लालसर तपकिरी असेल तर बहुतेक स्टिअरिंगचं, कारण बऱ्याच गाड्यांत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, असतं आणि ते नवं असताना लाल असतं. काळं असेल तर इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी पातळ पाणी असेल तर कूलंट. कडाक्याच्या थंडीतली निफाडकडची मंडळी म्हणतील थंडीतच जास्त गळतं, बरोबर आहे, जुनं रबर थंडीत आणखी कडक होतं आणि शाफ्टला नीट चिकटत नाही, इंजिन तापलं की तेच सील अर्धं बंद होतं. म्हणून तपासणी थंड गाडीवर पण करा आणि गरम गाडीवर पण.

आता खरं काम म्हणजे धुणं, आणि याचाच सगळ्यांना कंटाळा येतो. बॉक्स, पाईप, पंप, डबीचं बूड, सगळं डिझेल आणि ब्रशने घासून धुवा, कापडाने कोरडं करा, तासभर वाळू द्या, इंजिन थंड असतानाच हे करा. मग सगळ्यावर टाल्कम पावडर उडवा. गाडी चालू करून एकाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा, टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही कारण तिथं प्रेशर सगळ्यात जास्त चढतं आणि पंप तापतो. तुम्ही बॅटरी घेऊन बघत बसा, पावडर जिथं पहिल्यांदा ओली होईल तिथं गळती. फिरत्या बेल्टपासून सदरा आणि हात लांब, आणि पंपाकडून बॉक्सला दाबाने तेल नेणाऱ्या प्रेशर पाईपवर बोट फिरवून गळती शोधू नका, बारीक भोकातून निघालेली तेलाची धार कातडीत घुसते, तिथं पुठ्ठाच धरायचा.

बघायचं नेहमी वरून खाली. डबी आणि तिच्या क्लिपा, मग पंपाच्या पुलीमागचं सील, मग प्रेशर पाईपचा लोखंडी टोपणाजवळचा जोड, मग बॉक्सवरचे पाईपचे नट किंवा बंजो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून तेल जातं तो), त्यांचे कॉपर वॉशर एकदा दबले की परत वापरायचे नसतात पण बरेच जण वापरतात. एवढं कोरडं निघालं तरच बॉक्सवर संशय घ्यायचा. बॉक्सला गळायच्या जागा मोजक्याच, स्टिअरिंगचा रॉड आत शिरतो तिथलं वरचं सील, झाकणाचं पॅकिंग, झाकणावरच्या अॅडजस्टिंग स्क्रूचा नट, आणि खाली ड्रॉप आर्मजवळचं सेक्टर शाफ्टचं, म्हणजे बुडातून निघालेल्या त्या दांड्याचं, सील.

प्रेशर पाईप गेला असेल तर तिथं साधा डिझेलचा पाईप जुबली क्लिपने कसून चालवू नका, पहिल्याच यू टर्नला उडेल. जुना पाईप घेऊन अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत जा, हायड्रॉलिक पाईप बनवून देणारे तुमचीच टोकं लावून नवा क्रिम्प करून देतात, फक्त स्टिअरिंगचा आहे हे सांगा आणि लांबी जुन्याएवढीच ठेवा.

सगळ्यात जास्त जातं ते खालचं सील. द्राक्षाच्या बागेत जाणाऱ्या गाड्यांचं तर हमखास, काळी माती बाहेरच्या धूळ अडवणाऱ्या डस्ट सीलमागे बसते, वाळते आणि पॉलिश पेपरसारखी शाफ्ट घासत राहते. पण सील बदलायच्या आधी ड्रॉप आर्म हाताने धरून जोरात मागेपुढे आणि वरखाली हलवा. दुसऱ्याने बघायचं की शाफ्ट बॉक्समधे बाजूला हलतो का. हलत असेल तर आतलं बुश किंवा बेअरिंग खाल्लेलं आहे, मग कितीही भारी सील टाका, महिन्याभरात परत गळणार, तिथं बॉक्स उतरवून ओव्हरहॉल करण्याशिवाय इलाज नाही.

शाफ्ट घट्ट असेल तर बऱ्याच बॉक्समधे हे सील गाडीवरच बदलता येतं. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, पुढून जॅक आणि चेसिसखाली लोखंडी स्टँड, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. चाकं सरळ करून ड्रॉप आर्म आणि शाफ्टवर मिळून एक पंचची खूण मारा, नाहीतर बसवताना एक दाता चुकला की स्टिअरिंग वाकडं. नट काढा आणि आर्म पुलरनेच ओढा. पुलर नसेल तर भाड्याने आणा, कुणाकडून मागून आणा, पण हातोड्याने ठोकू नका, तो मार सरळ आतल्या गिअरला आणि बॉल्सना बसतो आणि गळती बरी होऊन स्टिअरिंगला नवीन प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो.

मग डस्ट सील, सर्कलिप (खाचेत बसणारी गोल क्लिप), वॉशर, आणि त्यामागे मुख्य सील, कुठलं कसं बसलंय याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सील काढताना स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टला किंवा सील बसतं त्या घराला जाऊ देऊ नका. शाफ्टवर गंज असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा, उभं घासायचं नाही. नखाला खाच लागत असेल तर ते सीलने भागणार नाही, शाफ्ट बदलायच्या तयारीत रहा. नवं सील चढवताना शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळा, सीलच्या ओठाला तेच तेल लावा, स्प्रिंगची बाजू आत तेलाकडे, आणि त्याच मापाचा सॉकेट ठेवून हळूहळू सरळ ठोका. एका बाजूने गेलं की संपलं, दुसरं आणा.

आर्म खुणेवर बसवून नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळा. तेल टाकताना डबीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलंय तेच टाका. ब्रेक ऑइल चुकूनसुद्धा नाही, त्याने यातली सीलं फुगतात आणि सगळा बॉक्सच गळायला लागतो. मग पुढची चाकं अधांतरी ठेवून इंजिन बंद असताना स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवा, मधेमधे तेल भरत रहा, नंतर गाडी आयडलवर चालू करून परत तेच. डबीत फेस दिसला किंवा घूं आवाज आला तर हवा आहे, बंद करून तासभर सोडा आणि परत करा.

गळती थांबवायची बाटली मिळते, ती रबर फुगवते, नुसतं पाझरत असेल तर काही दिवस निघतात, फाटलेल्या सीलला काही उपयोग नाही. आणि कुणी अॅडजस्टिंग स्क्रू आवळून गळती थांबवतो म्हणाला तर त्याला गाडी देऊ नका, त्याने फक्त स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही.

आर्मच्या नटावर आणि शाफ्टवर मिळून पांढऱ्या पेंटचा एक पट्टा मारून ठेवा. शहरातल्या शहरात चार दिवस चालवून परत खाली वाकून बघा, पट्टा जागचा हलला नसेल आणि पुठ्ठा कोरडा असेल तर मग खुशाल सप्तशृंगी गडाला जाणारा नांदुरीचा घाट चढा.