बायोॲक्टिव्ह की कृत्रिम? गेको-बेडकांची टाकी लावताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या लेपर्ड गेकोची, म्हणजे पाळीव पालीची, शेपूट बारीक व्हायला लागली, तेव्हा पशुवैद्यांनी सगळ्यात आधी मागितली ती त्याची ताजी विष्ठा. मी चिमटा घेऊन टाकीपाशी बसलो, पण हाती काही लागेना. टाकी बायोॲक्टिव्ह होती. माती, पाचोळा, झाडं आणि त्यात आयसोपॉडची, म्हणजे घाण खाणाऱ्या बारीक जीवांची, भरगच्च वस्ती. रात्री पडलेली विष्ठा सकाळपर्यंत फस्त. ज्या गोष्टीचं मी चार जणांत कौतुक करत होतो, तीच ऐन वेळी आडवी आली. शेवटी गेकोला प्लास्टिकच्या डब्यात किचन टॉवेलवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी नमुना मिळाला आणि त्यात पिनवर्म, म्हणजे आतड्यातले जंत, निघाले.

त्यामुळे आता कुणी विचारलं, "बायोॲक्टिव्ह चांगलं की साधं, म्हणजे कागद-प्लास्टिकचं कृत्रिम?", की मी आधी विचारतो, "प्राणी घरात येऊन किती दिवस झाले?"

नवा प्राणी थेट मातीत सोडणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नव्या प्राण्याला निदान 30 दिवस, जमलं तर 90 दिवस, कागदावर वेगळं ठेवा. पांढऱ्या कागदावर सगळं दिसतं: विष्ठा घट्ट आहे की पातळ, रक्त आहे का, सापाच्या अंगावरून काळे ठिपके, म्हणजे माइट (अंगावरचे बारीक परजीवी), पडतायत का. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा.

यामागचं कारणही समजून घ्या. पिनवर्म आणि कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) यांना मधल्या यजमानाची गरज नसते. विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी त्याच प्राण्याच्या तोंडात गेली की फेरा पुन्हा सुरू. कागद रोज बदलला तर तो फेरा तुटतो. मातीत मात्र अंडी तशीच राहतात, मग औषध चालू असतानाही प्राणी पुन्हा पुन्हा बाधित होतो. आयसोपॉड विष्ठा खातात, पण ती निर्जंतुक करत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर आणखी चिवट. नेहमीच्या जंतुनाशकांनाही तो दाद देत नाही, आणि एकदा का मातीत शिरला, की ती अख्खी टाकी फेकण्यावाचून गत्यंतर नसतं. बेडकांच्या बाबतीत त्वचेला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीची भीती असते. म्हणून नव्या बेडकाचे चिमटे, भांडी आणि हातमोजे जुन्यांच्या टाकीत जाऊ देऊ नका.

माइट झाले तर वेगळाच पेच. जे औषध माइटला मारतं ते आयसोपॉडलाही सोडत नाही. आयसोपॉड हे किडे नव्हेत, खेकडा-कोळंबीचे नातलग, पण विषाला हा फरक कळत नाही.

'आता सफाईला सुट्टी' असं समजणं

आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल (मातीतले इवलेसे उड्या मारणारे जीव) ही फक्त वरच्या कामाची माणसं. ती घाण कुरतडून बारीक करतात आणि बुरशी खातात. खरं काम जिवाणूंचं: अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते नायट्रेट झाडांची मुळं ओढून घेतात. या साखळीला मर्यादा आहे. मोठ्या टाकीत दोन-तीन डार्ट फ्रॉग असतील तर ती निवांत चालते. मोठ्या अजगराची एका वेळची विष्ठा मात्र तिला झेपत नाही, ती हातानेच उचलावी लागते. कासवं आणि इग्वाना तर झाडंच खातात आणि उरलेली तुडवतात. त्यांच्यासाठी लावलेली सुंदर टाकी आठवडाभरात उकिरडा होते.

काच पुसणं, पाण्याचं भांडं रोज धुणं आणि फांदीवर सुकलेले डाग काढणं ही कामं काही तुमच्या मानेवरून उतरत नाहीत.

घाई, आणि मग घाबरगुंडी

माती, झाडं आणि क्लीनअप क्रू, म्हणजे आयसोपॉड-स्प्रिंगटेल, सोडल्यावर टाकी चार ते सहा आठवडे रिकामी चालू द्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाकडावर पांढरी कापसासारखी बुरशी येतेच. ती पाहून लोक सगळं उपसून टाकतात. तसं करू नका, स्प्रिंगटेलसाठी ती मेजवानी आहे. त्यांची संख्या वाढली की ती आपोआप ओसरते.

घाबरायचं ते वासाला. निरोगी टाकीला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर खाली पाणी तुंबलंय, हवा संपलीय आणि तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतायत असं समजा. निचऱ्याच्या थरात, म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत, पाणी मातीला टेकेपर्यंत चढलेलं दिसेल. बारीक नळीने ते ओढून काढा, फवारणी निम्मी करा आणि वरची जाळी मोकळी ठेवा. तरीही वास राहिला तर माती बदलण्याला पर्याय नाही. निचऱ्याचा थर 3 ते 5 सेंटीमीटर, त्यावर बारीक जाळी आणि मग माती, ही रचना पहिल्यापासून नीट असेल तर सहसा ही वेळ येत नाही.

आयसोपॉड दिसेनासे झालेत? बहुतेक वेळा माती सुकलेली असते, पाचोळा संपलेला असतो किंवा प्राण्याने त्यांचा फराळ केलेला असतो. ओकची किंवा देशी बदामाची फवारणी न झालेली वाळकी पानं घाला, कॅल्शियमसाठी कटलबोनचा (समुद्रफेसाचा) तुकडा ठेवा. देवदार-पाइनसारख्या राळेच्या झाडांचा भुसा मात्र घालू नका. खत मिसळलेली कुंडीची तयार मातीही नको.

आयसोपॉड म्हणजे सगळे सारखेच, हा समज

पोर्सेलिओ लेव्हिस ही जात झपाट्याने वाढते आणि प्रथिनांसाठी हपापलेली असते. खायला कमी पडलं तर कात टाकणाऱ्या किंवा आजारी प्राण्याला ती कुरतडू शकते. बेडकांसोबत बुटके पांढरे आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल बरे. रुक्ष टाकीत पोर्सेलिओ स्केबर किंवा 'पावडर' आयसोपॉड टिकतात, पण त्यांनाही एक ओला कोपरा लागतोच, कारण ते कल्ल्यासारख्या अवयवांनी श्वास घेतात. वाळवंटी प्राण्याला बायोॲक्टिव्ह चालत नाही असं नाही. चालतं, फक्त निव्वळ कोको पीट नको. सुकलं की त्याची धूळ उडते. माती-वाळूचं घट्ट बसणारं मिश्रण घ्या.

उष्णता आणि उजेड

साध्या टाकीतली हीट मॅट, म्हणजे तळाखालची तापणारी चटई, बायोॲक्टिव्हमध्ये तशीच चालवणं ही पुढची चूक. वर दहा सेंटीमीटर माती असेल तर ऊब वर पोहोचतच नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर वर असेल तर तो मॅट तापवतच राहतो, आणि खाली बीळ करणारा प्राणी नेमका तिथे जाऊन पोळतो. ऊब वरून द्या, दिव्याने. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा प्राण्यासाठी आणि एलईडी झाडांसाठी, एकाचं काम दुसरा करत नाही. काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही, जाळीतूनही बराच अडतो. शिवाय डोळ्यांना दिवा लख्ख दिसत असतानाही त्यातलं यूव्हीबी घटलेलं असतं. यूव्हीबी मोजायचं मीटर नसेल तर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत दिवा बदला.

कृत्रिम टाकीच्याही चुका आहेत

'साधी' म्हणजे ओकीबोकी नव्हे. दोन लपायच्या जागा, एक गरम आणि एक गार, चढायला फांद्या, ओलसर हाइड (लपायची ओली खोपी), एवढं कागदावरही हवंच. त्याशिवाय प्राणी सतत धास्तावलेला राहतो आणि खाणं सोडतो. रेप्टाइल कार्पेट मला मुळीच पटत नाही. नखं अडकतात आणि धाग्यांत घाण साचते. कॅल्शियम सँड तर दुकानात गोंडस दिसते तेवढीच. प्लास्टिकच्या झाडांच्या कडा बोटाने तपासा, आतली तार बाहेर आलेली असते.

बेडकांच्या बाबतीत कागदाची शिस्त जास्त कडक. बेडूक त्वचेतून पाणी शोषतो. ओल्या कागदात मूत्राचा अमोनिया साचला तर तो थेट अंगात जातो. कागद रोज बदला, पाणी क्लोरीन काढलेलं वापरा आणि डबा साबणाने धुऊ नका. गरम पाण्याने घासणं बहुतेक वेळा पुरतं. जंतुनाशक वापरलंच तर अगदी भरपूर खळखळून धुवा.

मातीमुळे आतडी तुंबतात ही भीती मला थोडी फुगवलेली वाटते. निरोगी, पुरेशी ऊब आणि पाणी मिळालेला प्राणी थोडीफार माती सहज बाहेर टाकतो. तुंबणाऱ्यांमागे बहुधा कमी तापमान आणि निर्जलीकरण असतं. तरी पिल्लू, अशक्त किंवा उपचार चालू असलेला प्राणी कागदावरच बरा. आणि मधला रस्ताही आहे: तळाला कागद, वर कुंडीतली खरी झाडं. तुम्ही दर महिन्याला बाहेरगावी जात असाल तर मी हाच सुचवेन.

माझा गेको दोन महिने कागदावर राहिला. लागोपाठ दोन तपासण्या निर्दोष आल्यावरच नवी टाकी लावली. जुनी माती पिशवीत बांधून फेकली, आयसोपॉडसकट. मन खट्टू झालं, पण इलाज नव्हता. लेपर्ड गेको सहसा ठरलेल्या एकाच कोपऱ्यात विष्ठा टाकतो, म्हणून त्या कोपऱ्यात आता मातीवर एक सपाट फरशी ठेवलीय. सकाळी दिवा लागायच्या आत उचललं की नमुना मिळतो, आयसोपॉड उठायच्या आधी नाही, पण निदान संपवायच्या आधी.